मोलिएरची नाटकं मोलिएरनेच लिहिली

फ्रेंच नाटककार मोलिएरबद्दलचा एक मजकूर वाचनगटांतून पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्याचा गोषवारा असा. मोलिएर हा गाद्या-पडद्यांच्या धंद्यातल्या माणसाचा अर्धशिक्षित मुलगा आणि नुसता नट. त्याच्या हातचं एकही नाटक सापडत नाही, त्याचं नावसुद्धा खोटं. १६५८ साली रूआँ गावात त्याची पिएर कोर्नेय ह्या थोर कवीशी गाठ पडली आणि त्यानंतर एकाएकी त्याच्या नावावर एकाहून एक सरस नाटकं येऊ लागली. ती कोर्नेयने पैशासाठी गुपचूप लिहून दिली. दोघांनी मिळून लिहिल्याची तर छापील कबुलीच आहे. आणि आता संगणकानेही ते सिद्ध केलं आहे.

मोलिएर मला फार जवळचा आहे, म्हणून हा मजकूर मी दर वेळी शेवटपर्यंत वाचतो. त्यातली काही विधानं खरी आहेत. त्यामुळेच तो चांगल्या वाचकांनाही पटतो, आणि म्हणूनच एकेक विधान उचलून बघायला हवं.

आधी दाव्याचं मूळ. मोलिएर वारला १६७३ साली. हा दावा गाजला १९१९ साली, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी. मांडणारा होता पिएर लुईस हा फ्रेंच कवी. त्याचा आधार होता त्याचा कान: मोलिएरच्या ओळी वाचताना आपल्याला कोर्नेय ऐकू येतो, असं तो म्हणत होता. ह्याच लुईसने १८९४ साली स्वतःच्या कविता बिलितिस नावाच्या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या म्हणून छापल्या होत्या, आणि अशी कवयित्री कधी झालीच नव्हती. एवढ्यावरून त्याचा मोलिएरबद्दलचा दावा खोटा ठरत नाही, हे मान्य. पण दुसऱ्याच्या नावाआड बसलेला कवी ही कल्पना त्याला किती प्रिय होती, ते मात्र ह्यातून दिसतं.

आता पहिला मुद्दा, शिक्षणाचा. मोलिएरचं खरं नाव जाँ-बातिस्त पोकलँ, बाप्तिस्मा १५ जानेवारी १६२२, पॅरिस. त्याच्या वडिलांचा धंदा गाद्या, पडदे, भिंतीवरची वस्त्रं ह्यांचा होता हे खरं, पण ते गल्लीतल्या पिंजाऱ्यासारखे नव्हते. १६३१ पासून त्यांच्याकडे राजाच्या महालातल्या ह्याच कामाचं पद होतं आणि ते पद पुढे मुलाला मिळावं अशी तजवीजही त्यांनी करून ठेवली होती. १६८२ साली मोलिएरच्या सहकाऱ्यांनी त्याची समग्र नाटकं छापली. त्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो क्लेर्माँच्या जेझुइट शाळेत शिकल्याचं लिहिलं आहे. ह्या शाळेत लॅटिन कोळून पाजलं जाई, आणि मुलांकडून नाटकंही करून घेतली जात. तो गेल्यावर त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची कायदेशीर यादी झाली. सुलिए ह्या अभ्यासकाने ती १८६३ साली छापली. तीत भांडीकुंडी आणि नाटकाचे कपडे आहेत, तसेच प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुतार्क आहे, फ्रेंच निबंधकार माँतेन आहे, फ्रेंच-इटालियन-स्पॅनिश सुखात्मिकांचे खंड आहेत. हे अडाण्याचं घर म्हणता येत नाही.

पण खरं सांगायचं तर शिक्षणाच्या पुराव्यापेक्षा 'नुसता नट' ह्या शब्दांनी मला जास्त टोचतं. नटाला लिहिता येणार नाही, लिहिणारा टेबलाशी बसलेला कोणीतरी मोठा माणूसच असणार, हा समज अख्ख्या दाव्याच्या पायाशी आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

नावाचा मुद्दा लवकर आटपतो. त्या काळी फ्रान्समध्ये रंगमंचावर जाणारा बहुतेक प्रत्येकजण दुसरं नाव घेई, आणि ते एखाद्या जमीनजुमल्याच्या नावासारखं भारदस्त असे. माँफ्लरी म्हणजे झाकारी जाकोब, फ्लोरिदोर म्हणजे जोझिआस द सुला, मोलिएरचा जिवाभावाचा सहकारी ला ग्राँज म्हणजे शार्ल व्हार्ले. जून १६४४ मधल्या एका कागदावर 'मोलिएर' ही सही आहे. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याची मंडळी कर्जात गळ्यापर्यंत बुडत चालली होती. पुढच्याच वर्षी कर्जापायी त्याला शातलेच्या तुरुंगात जावं लागलं, आणि धनकोंमध्ये मेणबत्त्या पुरवणारा व्यापारीही होता. ह्या वेळी त्याला कोणी नाटकं लिहून देत असल्याचं दावेदारही म्हणत नाहीत. मग नाव लपवायला होतं काय?

हस्तलिखितांचा मुद्दा ऐकायला सगळ्यात भारी वाटतो. मोलिएरच्या हातचं एकही नाटक उरलेलं नाही, हे खरं. मात्र त्या मजकुरात पुढचं वाक्य नसतं: कोर्नेयच्या हातचं एकही नाटक उरलेलं नाही. नाटक लिहिलं जाई ते तालमीसाठी. त्यातून नटांच्या नकला निघत आणि छापून झालं की मूळ कागदाला कोणी विचारत नसे. हस्तलिखित नाही म्हणून मोलिएर लेखक नसेल, तर त्याच न्यायाने 'ल सिद' हे कोर्नेयचं गाजलेलं नाटकही त्याचं राहत नाही.

छपाईबद्दल एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. १६६० सालचं त्याचं 'स्गानारेल' हे नाटक एका प्रेक्षकाने पुन्हा पुन्हा पाहून पाठ केलं आणि मोलिएरला न विचारता छापून टाकलं. मोलिएरने त्याविरुद्ध कायद्याचा आधार घेतला. आदल्या वर्षीच्या 'नखरेल विदुषीं'च्या बाबतीतही असंच घडू पाहत होतं, म्हणून ते त्याला स्वतःच घाईने छापावं लागलं. तालमीतलं नाटक छापखान्यात जाऊ नये म्हणून झगडणारा हा माणूस होता. नट-नाटककाराच्या दृष्टीने त्याचं कारण उघड आहे: नाटक छापून बाहेर पडलं की ते कोणत्याही मंडळीला करता येई आणि त्याच्या मंडळीचं उत्पन्न बुडे.

आता रूआँ. हा दाव्याचा कणा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १६५८ च्या उन्हाळ्यात मोलिएरची मंडळी रूआँत होती, आणि कोर्नेय बंधू, थोरला पिएर आणि धाकटा तोमा, तिथेच राहत होते. भेट झालीच असणार. मंडळीतल्या देखण्या मादमोआझेल द्यु पार्कवर थोरल्या कोर्नेयने लिहिलेल्या कविता आजही फ्रेंच शाळांत शिकवतात. तेव्हा गाठभेट नाकारायचं कारणच नाही. प्रश्न आहे 'एकाएकी' ह्या शब्दाचा.

रूआँला पोचण्यापूर्वी मोलिएर बारा-तेरा वर्षं दक्षिणेत फिरत होता. लिओं, पेझेना, बेझिए, नार्बोन अशी गावं, कधी सरदाराचा आश्रय तर कधी आश्रय गेलेला, कधी टेनिसच्या बंदिस्त अंगणात तात्पुरता उभारलेला मंच. ह्याच काळात त्याची दोन मोठी पद्य सुखात्मिका रंगमंचावर आल्या: 'लेतूर्दी' लिओंमध्ये आणि 'देपी आमूरो' १६५६ साली बेझिएमध्ये. दोन्ही पाच अंकी, दोन्ही यमकबद्ध. म्हणजे ज्या भेटीने चमत्कार घडवला असं म्हणतात, तिच्या आधीच दोन नाटकं तयार होती. आणि त्या काळात कोर्नेय काय करत होता? 'पेर्तारित' हे त्याचं नाटक पडल्यावर नाटकं सोडून तो रूआँत बसून 'ख्रिस्तानुकरण' ह्या धर्मग्रंथाचं पद्य भाषांतर करत होता. ते १६५१ ते १६५६ ह्या वर्षांत भागाभागाने छापलं गेलं.

भटकंतीची ती वर्षं मोलिएरच्या नाटकांत दिसतात, आणि हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. 'मस्यो द पूर्सोन्याक' (१६६९) मध्ये नायकाला पळवून लावण्यासाठी दोन बायका 'हाच माझा नवरा' म्हणून भांडत येतात. एक बोलते उत्तरेकडची पिकार्दी बोली, दुसरी दक्षिणेकडची लांगदोकची. 'डॉन जुआन'मधले कोळी-शेतकरी पॅरिसच्या आसपासची गावंढळ भाषा बोलतात. लांगदोकची ती भाषा पेझेनाच्या बाजारात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाच्या कानात होती. कोर्नेयचं आयुष्य रूआँत आणि पुढे पॅरिसमध्ये गेलं. शिवाय मोलिएरची जवळपास निम्मी नाटकं गद्यात आहेत, आणि कोर्नेयने स्वतःच्या नावावर छापलेलं प्रत्येक नाटक पद्यात आहे. गद्यातलं एकही वाक्य रंगमंचासाठी न छापणाऱ्या माणसाने 'कंजूष' लिहिलं असं मानायचं, तर त्याला एखादा तरी आधार हवा.

आता 'छापील कबुली'. इथे दावेदारांचा पुरावा त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो. १६७१ च्या जानेवारीत राजापुढे 'प्सिशे' नावाचा भव्य संगीत-नाट्यप्रयोग झाला. कार्निव्हल जवळ आला होता, राजाला प्रयोग लवकर हवा होता आणि मोलिएरला वेळ पुरत नव्हता. मग काय केलं? आराखडा मोलिएरचा. नांदी, पहिला अंक आणि दुसऱ्या-तिसऱ्या अंकांचे पहिले प्रवेश मोलिएरचे. बाकीचं पद्य चौसष्ट वर्षांच्या कोर्नेयने साधारण पंधरवड्यात लिहिलं. गाण्याचे शब्द किनोचे, संगीत ल्युलीचं. हे कोणी तळघरातून शोधून काढलेलं नाही. त्याच साली छापलेल्या पुस्तकाच्या सुरुवातीला वाचकांसाठी निवेदन आहे आणि त्यात कोणी किती लिहिलं ते नीट मांडलं आहे. कोर्नेयने मोलिएरसाठी लिहिलं तेव्हा ते जगजाहीर झालं आणि छापून आलं. कोणाला लाज वाटली नाही, कोणी काही झाकलं नाही.

ह्याच्या शेजारी १६६४ सालचं एक नाटक ठेवून पाहा. व्हर्सायच्या मे महिन्यातल्या उत्सवासाठी मोलिएरला 'एलीदची राजकन्या' लिहायची होती. पहिला अंक पद्यात आहे. दुसरा अंक सुरू होतो न होतो तोच पद्य थांबतं आणि नाटक गद्यात जातं, ते शेवटपर्यंत गद्यातच. छापील प्रतीत खुलासा आहे: सगळं पद्यात करायचा लेखकाचा बेत होता, पण राजाज्ञेने घाई झाली. आता विचार करा. पंधरवड्यात जवळजवळ चार अंकांचं पद्य हातावेगळं करणारा कोर्नेय मागच्या खोलीत बसला असता, तर दरबारापुढे अर्धं पद्य अर्धं गद्य असलेलं नाटक घेऊन जाण्याची पाळी मोलिएरवर का आली असती? एकट्याने लिहिणाऱ्या, वेळ संपलेल्या माणसाच्या खुणा त्या नाटकाच्या अंगावर आहेत. दर वेळी ते पान उघडलं की मला त्याची दमछाक ऐकू येते.

'इतक्या व्यापात तो लिहिणार कधी?' ह्या शंकेचंही उत्तर ह्यातच आहे. तो भराभर लिहायचा आणि ते सांगायचा. 'ले फाशो' हे १६६१ सालचं नाटक पंधरा दिवसांत रचलं, बसवलं, केलं असं त्याने छापील प्रस्तावनेत म्हटलं आहे. 'लामूर मेदसँ' पाच दिवसांत. कवी ब्वालो तर १६६४ च्या आपल्या कवितेत त्याला विचारतो की तुला यमकं सापडतात कुठे, मलाही शिकव. शिवाय कथानक प्रत्येक वेळी स्वतःच्या डोक्यातून काढायचा हट्ट त्याला नव्हता. 'कंजूष' आणि 'आंफित्रिओं' प्लाउतुस ह्या प्राचीन रोमन नाटककारावरून, 'स्कापँ'चा सांगाडा तेरेन्स ह्या दुसऱ्या रोमन नाटककारावरून. चांगला माल दिसला की तो घ्यायचा आणि आपल्या मंडळीच्या मापाने बेतायचा.

पैशाचा मुद्दा. ला ग्राँजने ठेवलेली वही आज कोमेदी-फ्राँसेझ ह्या पॅरिसमधल्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेच्या ग्रंथालयात आहे. रोजचा गल्ला किती आला, वाटणी किती झाली, कोण आजारी पडलं, कोण वारलं, सगळं तीत आहे. मोलिएरच्या मंडळीने कोर्नेयची दोन नवी शोकांतिका केली, 'आतिला' १६६७ साली आणि 'तित ए बेरेनिस' १६७० साली. प्रत्येकीचे २,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) कोर्नेयला दिल्याची नोंद आहे. मोलिएरला लेखक म्हणून मिळालेले वाटेही नोंदलेले आहेत. शिवाय १६६३ च्या राजाच्या मानधनयादीत कोर्नेयला २,००० लिव्र आहेत आणि मोलिएरला १,०००. म्हणजे कोर्नेयच्या नावाला मोलिएरच्या नावापेक्षा जास्त भाव होता. स्वतःच्या नावावर उघडपणे जास्त मिळत असताना दुसऱ्याच्या नावाने लिहायचं कारण काय?

संगणकाकडे येऊ, कारण आजच्या वाचकाला तिथे हात टेकावेसे वाटतात. २००१ साली सिरिल आणि दोमिनिक लाबे ह्यांनी एका संशोधन-नियतकालिकात लेख लिहिला. त्यांची रीत अशी: दोन नाटकांतले शब्द मोजायचे, किती सामाईक आणि किती वेगळे ते पाहायचं, आणि अंतर एका मर्यादेपेक्षा कमी निघालं तर लेखक एकच. मोलिएरची अनेक नाटकं कोर्नेयची सुखात्मिका 'खोटारडा' आणि त्याच्या पुढच्या भागाजवळ निघाली, तेव्हा ती कोर्नेयची.

ह्या रीतीतली अडचण आपल्या ओळखीच्या उदाहरणाने कळेल. दोन शाहिरांच्या दोन लावण्या घ्या. शालू, शेज, सजणा, राया, रात हे शब्द दोन्हींत येणारच. तेवढ्यावरून दोन्ही एकाच शाहिराच्या ठरत नाहीत, दोन्ही लावण्या आहेत एवढंच ठरतं. फ्रेंच पद्य सुखात्मिकेचंही तसंच. बारा अक्षरांची ओळ, जोडीने यमकं, तेच प्रेमिक, तोच अडून बसलेला बाप, तीच चिठ्ठी, तोच चतुर नोकर. प्रकार आणि छंद एक असले की शब्द जवळ येतात. लाबेंच्या रीतीवर भाषाशास्त्रज्ञांनी आणि नाट्येतिहासकारांनी नेमका हाच आक्षेप घेतला. जी मर्यादा ओलांडली की लेखक वेगळा, ती मर्यादाच भरवशाची नव्हती.

पुढचं काम २०१९ साली झालं, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेख नसतो. फ्लोरिआँ काफिएरो आणि जाँ-बातिस्त काँ ह्यांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आपली तपासणी छापली. त्यांनी फक्त दोघांनाच समोरासमोर उभं केलं नाही, त्या काळातले इतर सुखात्मिकाकारही घेतले: तोमा कोर्नेय, स्कारों, रोत्रू वगैरे. सगळ्यांची पद्य सुखात्मिकाच घेतली, म्हणजे प्रकाराची फसगत होणार नाही. आणि शब्दसंग्रहावर न थांबता यमकं, प्रत्यय, व्याकरणाच्या जुळण्या आणि 'आणि', 'पण', 'तर' सारखे बारके शब्द असं सगळं वेगवेगळं तपासलं. विषय बदलला तरी हे बारके शब्द वापरायची माणसाची खोड सहसा बदलत नाही, आणि तिची नक्कलही सहजी होत नाही. प्रत्येक तपासणीत मोलिएरची नाटकं एका गटात आली, आणि दोन्ही कोर्नेयांची त्यांच्यापासून वेगळी. संगणकावरच विश्वास ठेवायचा असेल, तर तो आज मोलिएरच्या बाजूने बोलतो आहे.

आता माझ्या मते सगळ्यात वजनदार गोष्ट: त्याचे शत्रू. १६६२ च्या डिसेंबरात 'बायकांची शाळा' आलं आणि पुढचं वर्षभर पॅरिसमध्ये मोलिएरवर आग ओकली गेली. दोनो द व्हिझे, बुर्सो हे लेखक, माँफ्लरी बापलेक, सगळे तुटून पडले. त्याने इटालियनांची चोरी केली म्हणाले. त्याआधी सोमेझ ह्या लेखकाने म्हटलं होतं की 'विदुषी'ची कल्पना एका पाद्र्याकडून उचलली. बायको हाताबाहेर आहे म्हणाले. माँफ्लरीने तर राजाकडे अर्ज केला की मोलिएरने आपल्या जुन्या प्रेयसीच्या मुलीशीच लग्न केलं आहे. १६७० साली शाल्युसे ह्या लेखकाने त्याच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून 'एलोमिर' नावाचं पात्र केलं आणि अख्खं नाटक त्याच्या खोकल्यावर, भीतीवर, संसारावर लिहिलं. चोरीचा आरोप करायला ही माणसं टपलेली होती, प्रत्येक ओळ हुंगत होती. ती त्याच शहरात, त्याच नाटकगृहांत वावरत होती आणि कोर्नेयला ओळखत होती. त्यांतल्या एकानेही 'हे कोर्नेय लिहितो' असं म्हटलं नाही. हे त्यांच्या हाती लागलं असतं तर बाकीचे सगळे आरोप त्यांनी बाजूला ठेवले असते.

आणि कोर्नेय घराणं? 'विदुषी' गाजत असताना, डिसेंबर १६५९ मध्ये, तोमा कोर्नेयने एका पत्रात लिहिलं की ही मंडळी असल्या फुटकळ गोष्टींच्याच लायकीची आहेत, चांगलं वजनदार नाटक ह्यांच्या हाती पडलं तर ते कोसळेलच. हा पिएरचा सख्खा भाऊ. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, घरं लागून. थोरल्या भावाने लिहिलेल्या नाटकाला तो असं म्हणेल?

मोलिएरनेही परतफेड केली. 'बायकांच्या शाळे'च्या पहिल्याच प्रवेशात एका शेतकऱ्याची गोष्ट येते. त्याच्याकडे जमिनीचा एक तुकडा होता. त्याने त्याच्याभोवती चिखलाचा चर खणला आणि 'मस्यो द लील', म्हणजे 'बेटाचे साहेब', असं नाव लावून घेतलं. तोमा कोर्नेय स्वतःला 'कोर्नेय द लील' म्हणवत असे. पॅरिसला टोमणा तेव्हाच कळला. त्याच नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी म्हातारा आर्नोल्फ एका भोळ्या पोरीवर गरजतो: 'मी मालक आहे, मी बोलतो. जा, ऐका.' ही ओळ त्याच वर्षीच्या, कोर्नेयच्या 'सेर्तोरिउस' ह्या शोकांतिकेतली. तिथे ती रोमन सेनापती पाँपे उच्चारतो. इथे ती पोरीला कोंडून ठेवणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी येते आणि प्रेक्षक हसतात. १६६३ च्या 'व्हर्सायचं इंप्रॉम्प्तू'मध्ये मोलिएर प्रतिस्पर्धी नटांच्या फुगवलेल्या पल्लेदार बोलण्याची नक्कल करतो, आणि त्यासाठी ओळी निवडतो त्या कोर्नेयच्या. आपल्याच भावाची, आपल्याच ओळींची आणि आपल्या शोकांतिका करणाऱ्या नटांची टर उडवणारी नाटकं कोर्नेयने स्वतः लिहून दिली, असं दावेदारांना मानावं लागतं.

मोलिएर गेल्यावर कोर्नेय अकरा वर्षं जगला. १६८४ साली तो वारला तोवर कधी काही बोलला नाही, आणि हा मनुष्य आपल्या नाटकांबद्दल मौन बाळगणारा नव्हता. १६६० साली त्याने आपल्या समग्र नाटकांना स्वतःच परीक्षणं जोडली होती. १६७७ साली 'डॉन जुआन' पद्यात केलं ते तोमा कोर्नेयने, आणि छापताना सांगितलं की हे नाटक कैलासवासी मोलिएरनी गद्यात केलं होतं. कोर्नेयचा भाचा फोंतनेल शंभराच्या उंबरठ्यापर्यंत जगला, मामाचं चरित्र लिहिलं, मामाचा मोठेपणा सांगायची संधी त्याने सोडली नाही. त्यानेही हे म्हटलं नाही.

शेवटचा मुद्दा 'नुसता नट'. आपल्याकडे त्याची एक खूण जिवंत आहे. 'स्गानारेल'वरून अठराव्या शतकात आर्थर मर्फीने 'ऑल इन द राँग' लिहिलं, त्यावरून देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव' आणि नंतर १९१६ साली 'संशयकल्लोळ' केलं. रेवती घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका पाहते, तसबीर हाती लागते आणि संशय चौघांत फिरत राहतो: ही सगळी चक्रं १६६० च्या त्या एकअंकी नाटकातली आहेत. एकाच छोट्या वस्तूला कोण केव्हा बघतं, कोण पाठमोरं आहे, कोण एक पाऊल उशिरा येतं, एवढ्यावर ते उभं आहे. हे कागदावरून सुचत नाही. हे मंचावर उभं राहून, उजवीकडून कोण येतं आणि डावीकडे कोण थांबलं आहे हे अंगाने माहीत असणाऱ्यालाच सुचतं. देवलही नटांच्या तालमी घेणारे होते, म्हणून त्यांना ते आपल्या मातीत इतकं चपखल बसवता आलं असं मला वाटतं.

मोलिएरच्या नाटकांत त्याची मंडळी शरीरासकट आहे. त्याचा मेहुणा लुई बेजार लंगडत असे. 'कंजूष'मध्ये त्याने केलेल्या नोकरावर आर्पागों, म्हणजे तो कंजूष, खेकसतो ते 'लंगड्या कुत्र्या' म्हणून. नटी बोव्हाल हसू लागली की थांबत नसे. ती मंडळीत आली त्याच वर्षी 'उमराव होऊ पाहणाऱ्या शेटजी'त मोलकरीण नुसती हसतच सुटते असा प्रवेश आला. आणि आर्पागों स्वतः मोलिएर करत असे. त्याला खोकला होता, लपवता येत नव्हता. मग नाटकातच एक बाई आर्पागोंला म्हणते, तुमचा खोकला तुम्हाला शोभतो, तुम्ही फार डौलात खोकता.

फेब्रुवारी १६७३ मध्ये त्याने शेवटचं नाटक केलं, 'काल्पनिक रोगी'. त्यात डॉक्टरांच्या नादी लागलेल्या आर्गांचं काम त्याचंच. तिसऱ्या अंकात भाऊ आर्गांला म्हणतो, चल, तुला मोलिएरचं एखादं नाटक दाखवतो. आर्गां भडकतो. तो तुझा मोलिएर मोठा उद्धट आहे, म्हणतो. मी डॉक्टर असतो तर तो आजारी पडल्यावर त्याला औषध दिलं नसतं, म्हणालो असतो, मर, मर. हे मोलिएरने स्वतःच्या तोंडून, स्वतःबद्दल, खोकत म्हटलं. १७ फेब्रुवारीला नाटकाचा चौथा प्रयोग होता. प्रयोगातच त्याला झटका आला, तरी त्याने तो शेवटपर्यंत नेला. मग त्याला रिश्लिय रस्त्यावरच्या घरी नेलं आणि त्याच रात्री तो गेला.